तळहात जमिनीवर

घराच्या आढ्याला धूर बसतो तसे किस्से बसतात. रोज थोडा थोडा, कुणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस काहीतरी काढायला वर हात घालावा, तर बोटं काळी! आम्हा चौघांचं तसंच झालंय. आम्ही पोशेऱ्याकडच्या डोंगरातले मोहळ काढणारे. जव्हारच्या स्टँडवर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "ती डोहातली गंमत सांग." मग चहा थंड होतो आणि गाडी निघून जाते.

त्यात मी सांगायला बसलो तर आणखी उशीर. माझं बोलणं हळू. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं फार बोलायची गरज पडली नाही. मोहळावर माझं काम धूर धरायचं. आमचा सोमा म्हणतो, "हा 'माशी' म्हणेस्तवर ती चावून, घरी जाऊन, जेवून झोपलेली असते!"

खरं आहे.

*

आमच्यात थोरला रूपजीदादा. अंगानं काटकी, गुडघे गेलेले, पण झाडाच्या ढोलीत हात घालतो तो पाळण्यात घातल्यासारखा. आम्ही फक्त सातेरीचं मोहळ काढतो. ही बारकी माशी ढोलीत राहते आणि तिचं काम दिवसाउजेडी होतं. आग्या माशीच्या वाटेला आम्ही जात नाही. पिल्लांचं पोळं ठेवायचं, मधाचं थोडं तिच्यासाठी ठेवायचं, उरलेलं आपलं.

आणि दादाचा एक नियम. माशी चावली की मारायची नाही. मारली की चिरडलेल्या माशीचा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. म्हणून चावली की खाली बसायचं. दोन्ही तळहात जमिनीवर टेकवायचे. आवाज हळू निघेल असं वाटेपर्यंत उचलायचे नाहीत. आणि तोंड उघडल्यावर पहिलं बोलणं आपल्या दुखण्याचं नसावं. दुसऱ्याला विचारायचं, "तुला चावली का?"

"माशीनं चावायचं, ते तिचं काम," दादा म्हणतो. "पुढं काय करायचं, ते आपलं. तिचं काम आपण करायचं नाय."

एकदा दादा आणि मी मध घेऊन एस.टी.नं जव्हारला चाललो होतो. डबा घट्ट बंद होता, पण दादाच्या टोपीत एक माशी राहून गेली होती. घाटात ती त्याच्या कानामागं उतरली. मला दिसली. मी "दादा" म्हणालो, तेवढ्यात चावली.

दादा सीटवरून खाली उतरला, माणसांच्या पायात उकिडवा बसला आणि दोन्ही तळहात गाडीच्या पत्र्यावर टेकवले. गाडी गच्च भरलेली. शेजारची बाई पाय वर घेऊन ओरडली, "साप हाय का गं आये!" दोघं-तिघं बाकाखाली वाकून बघायला लागले. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला.

"आजोबा, काय हरवलं का?"

दादानं वर बघितलं. कान भज्यासारखा फुगलेला.

"नाय बाबा," तो हळूच म्हणाला. "अजून तरी नाय."

*

सोमा आमच्यात मधासाठी आलाच नाही.

सोमा रोजंदारीवर जातो. दगड फोडतो, विटा वाहतो, मिळेल ते करतो. मनानं लोण्याचा गोळा, पण तोंड म्हणजे पेटलेली गोवरी. त्याचा एकच मुलगा, एकनाथ. घरात एकू. एकूला बोईसरला कंपनीत जायचं होतं. सोमाचं म्हणणं, इथंच राहा. बापलेकाचं घरात चाललं असतं तर निभावलं असतं, पण सोमाचा भडका उडाला तो मोखाड्याच्या बाजारात, सगळ्या ओळखीच्या माणसांत.

"तुझ्यापरीस कुत्रं पाळलं असतं, तर राखण तरी केली असती!"

एकूनं दुसऱ्या सकाळी पिशवी भरली आणि गेला. पुढं त्याचा फोन यायचा तो आईला, म्हणजे लक्ष्मीला. सोमानं फोन कानाला लावला की पलीकडून बंद. दिवाळी गेली, होळी गेली, पोरगं आलं नाही.

मग एक दिवस सोमा दादाच्या दारात येऊन उभा राहिला. मीही तिथंच बसलो होतो.

"दादा, मला बी मोहळावर ने."

"मध पाहिजे?"

"नाय. एकू कवातरी येईल ना, तवा मला गप बसता आलं पाहिजे. ते शिकव."

"गप काय, दगड बी बसतो," दादा म्हणाला. "चावल्यावर गोड बोलायचं शीक. ये उद्या."

*

पहिल्याच दिवशी एक माशी सोमाच्या मानेवर बसली. मी म्हणालो, "सोमा, तुझ्या मानेवर..." पुढचं सांगायची गरज उरली नाही.

नियम त्याच्याकडून येताना वाटेत पाठ करवून घेतला होता. पण चावली तसा त्यानं फाडकन हात मारला आणि तिला आईवरून एक कचकचीत शिवी हासडली. अशी, की मी ती ह्या वयातही नवीन शिकलो!

मग काय! ढोलीतून काळा धूर निघावा तशा माशा आल्या. धूर धरणारा मी, पण मीच धूर टाकून पळालो. खाली नाल्यात एक डोह आहे. चौघांनी त्यात उड्या घेतल्या. फक्त नाकं वर. डोक्यावर गूंऽऽ चाललेलं.

बऱ्याच वेळानं आवाज कमी झाला. सोमाचा एक डोळा मिटलेला, ओठ सुजून बाजूला गेलेला. दादा गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला. तो शांतपणे म्हणाला,

"सोमा, तिची आय घरात निवांत बसली होती रं. तू हाक मारलीस. मग ती मावश्यांना घेऊन आली."

*

आमच्यातले चौथे गुरुजी. साखरशेतचे. प्राथमिक शाळेतून रिटायर झाले आणि घरी करमेना म्हणून आमच्यात आले. गोड माणूस. रोज सकाळी मोबाईलवर सगळ्यांना सुविचार पाठवतात. माझा फोन साधा, म्हणून मला तोंडी ऐकवतात.

एकदा झाडाखाली भाकरी खात बसलो होतो. गुरुजींनी चष्मा लावून मोबाईलमधून वाचून दाखवलं. फार फार जुन्या काळी रोम देशात काही ज्ञानी माणसं होऊन गेली. ती म्हणायची, जे आपल्या हातात नाही त्याच्यासाठी जीव जाळू नये. जे हातात आहे ते नीट करावं. दुसरा आपल्याला बोलला तर दुखतं ते त्याच्या बोलण्यानं नाही, आपण ते मनाला लावून घेतो म्हणून.

आम्ही सगळे ऐकत राहिलो. मला फार आवडलं. इतक्या लांबच्या माणसांना आमच्या दादाचं म्हणणं कसं कळलं, असं वाटलं.

दादा कांदा चावत होता. चावून झाल्यावर म्हणाला,

"त्यांच्याकडं बी मोहळं असणार."

*

ह्याच गुरुजींचा फोन एकदा ढोलीत पडला. मोहळाचा फोटो काढायला वाकले आणि हातातून सुटला तो सरळ खोडाच्या पोटात. आत माशा. बाहेर गुरुजी.

आणि आत फोन वाजायला लागला! गुरुजींच्या बाईंचा होता, जेवायला कधी येता म्हणून. ढोलीतून सनई-चौघडा आणि त्याच्या मागं माशांचा सूर. लग्नच लागत होतं म्हणा! सोमा हसून हसून लोळायला लागला. वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. दादा कान देऊन ऐकत होता.

"बघ सोमा, इतका वाजतोय पण एक तरी उचलते का? आपल्या कामात हायत."

गुरुजी मात्र खाली बसले, तळहात जमिनीवर टेकवले, डोळे मिटले. मग आम्हालाच विचारलं, "तुम्हाला कुणाला चावली नाही ना?" नवीन फोन होता, मुलीनं दिलेला. आम्हाला त्यांचं फार कौतुक वाटलं. मी विचारलं, "गुरुजी, एवढी शांती कशी काय जमली?"

गुरुजींनी एक डोळा उघडला.

"सकाळीच 'क्रोधावर विजय' पाठवलाय हो. ग्रुपवर सगळे आहेत. निदान आजचा दिवस तरी चिडता येत नाही!"

*

एका उन्हाळ्यात वणवा लागला. वरची सगळी उतरण जळाली. आमच्या ओळखीच्या ढोल्या त्याच उतरणीवर होत्या. कुठल्या झाडात कोण राहतं ते आम्हाला घरासारखं ठाऊक होतं. बघायला गेलो तर सगळी काळी खोडं आणि पायाखाली गरम राख. गुरुजींच्या डोळ्यात पाणी आलं. सोमा दातओठ खात होता.

दादा एका बुंध्यापाशी गेला. त्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "वर चढायचं टळलं. गुडघे दुखत होते."

आम्हाला वाटलं, संपलं. पण पाऊस पडून गेल्यावर दादा रोज सकाळी त्या उतरणीवर जायला लागला. कमरेला पिशवी, पिशवीत हिरड्याच्या आणि जांभळाच्या बिया. काठीनं भोक पाडायचं, बी टाकायची, पायानं दाबायची. तेच दुखरे गुडघे घेऊन!

सोमाला राहवलं नाही. "दादा, डोकं ठिकाणावर हाय का? हे झाड मोठं होणार कवा, त्याला ढोली पडणार कवा, माशी येणार कवा? तवा तू असशील का?"

"मी कुठला असतोय," दादा म्हणाला.

"मग?"

"माशा असतील की."

सोमानं दादाच्या पिशवीत हात घातला आणि मूठभर बिया घेतल्या. त्या दिवशी तो रोजावर गेला नाही.

*

तळहात टेकवायचं दादाला कुणी शिकवलं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, कुणी साधू भेटला असेल, नाहीतर बापानं सांगितलं असेल. एकदा सोमानं दादाच्या घरी जेवताना विचारलं. दादा खाली मान घालून भात कालवत राहिला. आतून मंजीवहिनी हसायला लागली.

मंजीवहिनी म्हणजे दादाची बायको. ती भाकरी थापता थापता बाहेर डोकावली.

"हा? हा शांत? अरे, लग्न झालं तवा कोंबडा आरवला तरी त्याच्याशी भांडायचा! मला म्हणाला, 'मला राग आवरत नाय, मी काय करू?' मी म्हणाले, 'राग आला की अंगण सारव.' शेणाची पाटी पुढ्यात ठेवायची. बसायचा सारवत. दोन्ही हात भुईवर. सगळं अंगण होईपर्यंत राग कुठं टिकतो?"

सोमा तोंडातला घास विसरला. "रोज?"

"कधीकधी दोनदा! शेण पुरायचं नाय, शेजारणीकडून आणायची मी."

दादा अजून भातच कालवत होता.

"आणि सगळा पाडा म्हणायचा," वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मंजीचं अंगण बघा कसं आरशावानी! बाई किती कामाची!"

*

सोमाला जमायला वेळ लागला. पण लागला जमायला.

एकदा मोखाड्याच्या बाजारात तो करवंदांची पाटी घेऊन बसला होता. एक टेम्पो मागं येत आला आणि पाटीवरून गेला. रस्ताभर काळा चिखल. वर ड्रायव्हरनं खिडकीतून तोंड काढून सोमालाच झापलं, "दिसत नाय काय रं म्हाताऱ्या!"

बाजारातली माणसं मागं सरकली. सोमाला सगळे ओळखतात. हाच तो बाजार.

सोमा उठला. टेम्पोकडं गेला. त्याच्या मानेची शीर टरारली. आणि तिथंच रस्त्यात बसून त्यानं दोन्ही तळहात डांबरावर टेकवले!

भर उन्हातलं डांबर. हात भाजत असणार, पण उचलले नाहीत. लोकांना वाटलं चक्कर आली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. ड्रायव्हर तर पांढराफटक पडला. त्यानंच उचलून टेम्पोत घातला आणि दवाखान्यात नेला. सोमाला बोलायची सोयच ठेवली नाही कुणी. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुस् फुस् केलं, परत एकदा केलं.

"अहो, ह्यांना काही झालेलं नाही. बीपी एकदम नॉर्मल आहे."

तेव्हा कुठं सोमानं तोंड उघडलं. ड्रायव्हरला विचारलं, "तुला कुठं लागलं नाय ना?"

घरी येईपर्यंत भेटेल त्याला सोमा सांगत सुटला, "डॉक्टर बोलला, नॉर्मल!" लक्ष्मीला म्हणाला, "एकूला फोन लाव. सांग त्याला, बाचं बीपी नॉर्मल हाय."

लक्ष्मीनं लावला. डांबरावर बसल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. मग एकू म्हणाला,

"कुणाच्या बाचं? माझ्याच?"

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

ह्याच वर्षी, चैत्रात. वणव्यातून वाचलेल्या एका उंबरात परत माशी बसली होती. पहिलं मोहळ काढलं आणि सोमाच्या अंगणात मध गाळायला बसलो. दुपार उतरलेली. दादा, मी आणि सोमा. गुरुजी साखरशेतला गेले होते, लक्ष्मी विहिरीवर.

बांधावरून एक माणूस येताना दिसला. शर्ट खोचलेला, पायात बूट, पाठीवर बॅग. मी ओळखलं नाही. सोमानं चालीवरून ओळखलं. हातातलं फडकं मधात पडलं ते त्याला कळलं नाही.

एकू अंगणाच्या कडेला थांबला. आत आला नाही.

"ये ना रं," सोमा म्हणाला.

"बसायला नाय आलो, बा," एकू म्हणाला. आवाज कडक होता. वाटेत सगळं पाठ करून आला असणार. "सांगायला आलोय. मी लगीन केलं. तुला बोलावलं नाय. विसरलो म्हणून नाय, मुद्दाम नाय बोलावलं. मांडवात तू मला चारचौघांत काय बोलशील ह्याची भीती वाटली. बापाची जागा मोकळी ठेवली होती. लोक विचारत होते, बा कुठं हाय? मी सांगितलं, मला बा नाय."

मी उठणार होतो. असं बोलू नको, म्हणून सांगणार होतो. दादानं माझं कोपर धरलं आणि खाली बसवलं.

सोमा उभा होता. मानेची शीर फुगलेली. मला आठवला तो बाजार. मला आठवली डोहावरची शिवी. वाटलं, आता गेलं. आता हे पोरगं जाईल ते कायमचं.

सोमा हळूहळू खाली बसला. त्याच्या हातांना मध लागला होता. तसेच दोन्ही तळहात त्यानं अंगणात टेकवले.

एक कोंबडी आली, मधाच्या फडक्याला चोच लावून गेली. सोमाची पाठ वरखाली होत होती. डोळ्यातलं पाणी नाकावरून खाली सारवलेल्या भुईवर पडत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते. त्यानं उचललेच नाहीत.

मग त्याचा आवाज आला. इतका हळू, की मला वाटलं दुसराच कोण बोलला.

"पोरगी जेवली का?"

ह्याचं उत्तर एकू पाठ करून आला नव्हता.

"कुठं हाय ती?"

"फाट्यावर," एकू म्हणाला. "जांभळाखाली बसवून आलोय. म्हटलं... म्हटलं, आधी एकट्यानं बघून यावं. तू कसा हायस ते."

"मग," सोमानं विचारलं, "बघितलंस?"

एकूनं पाठीवरची बॅग काढली, अंगणात आला, बापाच्या समोर उकिडवा बसला आणि आपले दोन्ही तळहात जमिनीवर टेकवले.

तेवढ्यात लक्ष्मी विहिरीवरून आली. डोक्यावर दोन हंडे. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं, मग वर अंगणातल्या झाडाकडं आणि म्हणाली,

"अगं बाई! माशी कुठाय?"